‘असि’ म्हणजे तलवारच काय? मृगमांसच्छेदनाच्या सुरीविषयीं कांहीं विचार

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत ‘शिकारीची सुरी’ अशी चिठ्ठी लावलेलें हत्यार बहुधा आढळतें. मूठ नक्षीची, पातें दुधारी, मध्यें उंच शीर, असा त्याचा थाट असतो. परंतु शिकारीची म्हणजे हरिण मारावयाची कीं मारलेलें हरिण घरीं आणून कापावयाची, हें ती चिठ्ठी सांगत नाहीं. हीं दोन कामें भिन्न आहेत, व त्यांचा घोटाळा आमच्या ग्रंथार्थांतही शिरला आहे. तो दाखविण्याचा येथें हेतु आहे.

या प्रश्नावर प्रथम कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१) आठवतो. गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादिला. पहिला खंड १९२५ त व दुसरा १९३९ त प्रसिद्ध झाला. मृगयाविनोदांत पाळीव हरिणांकडून रानटी हरिणें भुलविण्याची युक्ति आहे. अन्नभोगांत तुकडे सुपारीएवढे करावे कीं ताडपत्रासारखे पातळ, येथपर्यंत तपशील आहे. राजा छेदाचें फळ सांगतो. सुरीच्या निवडीचा विचार मात्र मांडीत नाहीं. ती निवड आचाऱ्याची विद्या होती, आणि आचाऱ्यानें ग्रंथ लिहिला नाहीं.

यास्तव अधिक मागें जाणें भाग आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६२ वें सूक्त अश्वाचें आहे. तथापि छेदनाचा विचार सर्व चतुष्पादांस लागू पडतो. तेथें कवि सांगतो कीं, एकेक सांधा नांव घेऊन सोडवावा. आणि विसाव्या ऋचेंत प्रार्थितो कीं, कोणा हावऱ्या, अडाणी कापणारानें सांधे चुकवून असीनें अवयव विद्रूप करूं नयेत. येथें ‘असि’ म्हणजे तलवार घेतल्यास अर्थ बसत नाहीं. तलवारीनें सांधा शोधतां येत नाहीं. दहाव्या मंडलांतील ८६ व्या सूक्ताची अठरावी ऋचा तर असीची गणना सूना, नवें भांडें व सरपणाची गाडी यांच्या पंक्तींत करते. ही यादी रणांगणाची नव्हे, स्वयंपाकाची आहे. मॅक्डोनेल व कीथ यांनींही ‘वेदिक इंडेक्स’मध्यें (१९१२) असीचा नेहमींचा अर्थ यज्ञांतील सुरी असाच दिला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. अमरसिंह छुरिकेस ‘असिपुत्री’ म्हणतो, तेव्हां असि तिच्याहून मोठा असला पाहिजे. आणि लॅटिनमधील ‘एन्सिस्’ हा सजातीय शब्द तलवारवाचकच आहे. परंतु अमर ऋचांच्या मागून हजारांहून अधिक वर्षांनीं झाला, आणि सजातीय शब्द वाक्याच्या संदर्भावर मात करूं शकत नाहीं. कोशानें वेद लावूं नये. वेदानें कोश तपासावा.

आतां प्रत्यक्ष हत्यार पाहूं. हरिणाचा पुढचा पाय धडास हाडानें जोडलेला नसतो, केवळ मांसानें धरलेला असतो. लहान सुरी हाडास न लागतां तो मोकळा करते. मागच्या पायाची खुब्याची वाटी टोंकानें बंध कापतांच सुटते. म्हणून सांध्यास सुमारें सहा अंगुळें लांब, अरुंद, न वांकणारें, टोंकदार पातें हवें. कातड्यास पोटाशीं गोलावलेली धार हवी, नाहीं तर टोंक मांसांत शिरतें. दोहोंस धार एकाच बाजूस असावी, कारण पाठीवर बोट टेकून हात आवरावा लागतो. दुधारी कट्यार येथें बोटच कापील. सत्तूर ठोकळ्यावर हाड तोडण्यापुरता. तो प्रथम चालविला तर हाडाच्या कपच्या मांसांत जातात. ‘मज्झिमनिकायां’तील नंदकोवादसुत्तांत कुशल खाटीक आंतील मांस न दुखवितां कातडें सोडवितो, आणि चीनच्या ‘च्वांग्-त्सु’ ग्रंथांतील आचारी सांध्यांच्या पोकळींतूनच पातें नेऊन तीच सुरी एकोणीस वर्षें वापरतो. ऋग्वेदकर्त्याचें मत या दोघांस मान्य झालें असतें.

आमच्या शिनोलीच्या शिवारांतील घोड नदी खालीं शिरूर तालुक्यांत इनामगांवाशीं जाते. तेथें १९६८ पासून डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० पर्यंतची वस्ती उजेडांत आली. गुरांच्या व शेळ्यामेंढ्यांच्या हाडांबरोबर हरिणांचीं हाडें, आणि गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं बारीक, समांतर धारेचीं पातीं विपुल मिळालीं. तांबें दुर्मिळ होतें. घरकामाची भिस्त या पात्यांवर होती. लहान पात्याची परंपरा इतकी जुनी आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणाची शिकार हा गुन्हा ठरला आहे, आणि तें योग्यच झालें. ती विद्या आतां बोकड सोडविणाऱ्या खाटकाच्या हातींच पाहावयास मिळेल. पण झिजलेल्या जुन्या सुऱ्या मोडींत वजनानें जातात, आणि नक्षीची कट्यार तेवढी कपाटांत राहते. संग्राहकांस विनंति कीं, चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं धार एका अंगास आहे कीं दोन्ही, पाठ बोटास सोसते कीं नाहीं, आणि घासून घासून पातें कोठें झिजलें, एवढें पाहावें. झीज हाच त्या हत्याराचा लेख आहे. आणि तो भट्टींत वितळल्यावर कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं.