बाउन्स चेक, दिवाळखोरी आणि १५ दिवसांचा प्रश्न

गव्हाणला जेएनपीटी जवळ, त्यामुळे ट्रेलर, कंटेनर, यार्ड हे शब्द इथे लहानपणापासून कानावर पडतात. समजा, इथल्या एका ट्रेलरमालकाला भाड्यापोटी मिळालेला कंपनीचा चेक बाउन्स झाला. वकिलाकडे जायला त्याला तीन आठवडे लागले. नोटिशीसाठी कायद्यात ३० दिवस आहेत, म्हणजे उशीर झालेला नाही. पण तेवढ्यात एनसीएलटीने कंपनीचं दिवाळखोरी प्रकरण दाखल करून घेतलं आणि मोरॅटोरियम लागू झाला. आता सही करणारा डायरेक्टर सुटतो का?

मी एमएस्सीवाली, त्यामुळे निकाल वाचताना आधी तारखांचा तक्ता करते. तुम्हीही करा, इथे सगळं तारखांवरच आहे.

२०१८ मध्ये 'तयाल कॉटन' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटलं होतं की आयबीसीच्या कलम १४ मुळे कलम १३८ चा खटला थांबत नाही. १ मार्च २०२१ च्या 'पी. मोहनराज' निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं: कंपनीविरुद्धचा खटला थांबतो, डायरेक्टरविरुद्धचा चालू राहतो. बऱ्याच नोट्स इथेच संपतात. नेट-सेटला चालेल, संशोधनाला नाही.

कारण १७ मार्च २०२५ चा 'विष्णू मित्तल' निकाल. चेक ७ जुलै २०१८ ला परत आले, मोरॅटोरियम २५ जुलैला लागला, नोटीस ६ ऑगस्टची. चेक परत आला म्हणून गुन्हा पूर्ण होत नाही. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत की होतो. आणि त्या १५ दिवसांत बँक खाती रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हातात होती. जो पैसे देऊच शकत नव्हता त्याला गुन्हेगार कसं म्हणायचं, असं म्हणत न्यायालयाने खटला रद्द केला.

तर्क बरोबर आहे, मला तो पटतोही. खटकतं ते वेगळं. चेक परत आला त्या दिवशी कारभार याच डायरेक्टरकडे होता. शिवाय कलम १० खाली कंपनी स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज करू शकते. म्हणजे ज्याने पैसे द्यायचे, त्याच्याच बाजूला घड्याळ थांबवायची सोय आहे. (अर्ज दाखल होऊन मंजूर व्हायला वेळ लागतो हे खरं, पण अर्ज आधीच केलेला असेल तर?) अर्ज कोणी केला, चेक देताना डायरेक्टरला कंपनीची अवस्था माहीत होती का, हे प्रश्न या कसोटीत येतच नाहीत. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

आमच्या ट्रेलरमालकाकडे मग रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा भरणं एवढंच उरतं. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, तर कलम ५३ च्या रांगेत तो बँकांच्या बराच मागे असतो.