आधी आधण

रेचल रेच्या '३० मिनिट मील्स' या टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमाचा कुठलाही भाग लावावा. पहिल्या एक-दोन मिनिटांत ती फ्रिज आणि कपाटं उघडते आणि भाज्या, मांसाचं पुडकं, चीजचा तुकडा, कोथिंबिरीसारखी एखादी जुडी असं सगळं कवेत घेऊन एकाच खेपेत ओट्यावर आणते. काहीतरी हमखास पडणार असं वाटत राहतं. बऱ्याच जणांना हा नुसता खेळकरपणा वाटतो. मला मात्र त्यात या कार्यक्रमाची सगळी शिस्त दिसते. आज काय लागणार हे तिने फ्रिजचं दार उघडण्याआधीच मनात मांडलेलं असतं. पुढचा अर्धा तास ती पुन्हा फ्रिजकडे फारशी वळत नाही.

पाककृतींच्या कार्यक्रमांची एक मळलेली वाट आहे. काचेच्या वाट्यांमध्ये साहित्य मोजून, चिरून मांडलेलं असतं आणि 'आता हे मंद आचेवर शिजू द्या' म्हणेपर्यंत बाजूने तयार भांडं येतं. १९६३ पासून बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्यूलिया चाइल्डलाही एकाच पदार्थाचे वेगवेगळे टप्पे आधीच तयार ठेवावे लागत. तिच्या पदार्थांना तासन्‌तास लागायचे, त्याला इलाज नव्हता. रेचलने पदार्थच असे निवडले की ही सोय फारशी लागू नये. कांदा आपल्यासमोर सोलला जातो, आपल्यासमोर चिरला जातो आणि सालं शेजारच्या मोठ्या वाडग्यात पडतात. हा कचऱ्याचा वाडगा तिने प्रसिद्ध केला. त्यामुळे डब्यापर्यंतच्या फेऱ्या वाचतात आणि चिरायची जागा मोकळी राहते. स्वयंपाकातला वेळ आचेपेक्षा अशा फेऱ्यांमध्येच जास्त जातो, हे ओट्याशी रोज उभं राहणाऱ्या कुणालाही पटेल.

ही दृष्टी तिला कुठल्या पाकशाळेत मिळाली नाही. तिने तसं रीतसर शिक्षण घेतलेलंच नाही आणि ती स्वतःला शेफ म्हणवत नाही. आई उपाहारगृहं सांभाळायची, आजोळ सिसिलीचं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात खास खाद्यपदार्थांच्या एका दुकानात ती काम करत होती. लोक तयार जेवण नेत, पण कच्च्या मालाला हात लावत नसत, कारण रांधायला वेळ कुणाकडे नव्हता. म्हणून तिने अर्ध्या तासात होणाऱ्या जेवणाचे वर्ग सुरू केले. ते आधी स्थानिक वाहिनीच्या बातम्यांमध्ये आले आणि २००१ मध्ये फूड नेटवर्क या वाहिनीवर. संध्याकाळी दमून दुकानात शिरलेल्या माणसाचा चेहरा तिने काउंटरच्या पलीकडून पाहिलेला आहे. तिच्या बोलण्यात कुठेही 'एवढंही येत नाही?' असा सूर लागत नाही, ते बहुधा त्यामुळेच.

तिचा पास्ताचा एखादा भाग नीट पाहावा. सगळ्यात आधी आधण. पातेलं चढलं की मगच सुरी हातात. पाणी तापेपर्यंत कांदा-लसूण चिरून होतो, दुसऱ्या शेगडीवर तवा तापतो, ऑलिव्ह तेलाची धार कडेने एक-दोन वेढे फिरते. मापाचे चमचे जवळपास नाहीतच. मीठ तळहातावर घेऊन, बाकीचं चिमटीने. आपल्या आज्या-आयांचा अंदाज असाच होता, आणि टीव्हीवर तो इतक्या निर्धास्तपणे क्वचितच पाहायला मिळतो. पाण्याला उकळी फुटली की त्यात मीठ, मग पास्ता. तो थोडा कच्चा असतानाच निथळायचा, पण त्याआधी पळीभर पाणी काढून रश्श्यात ओतायचं. त्या पाण्यातल्या पिठूळपणाने रस्सा पास्त्याला धरून राहतो आणि उरलेलं शिजणं रश्श्यातच होतं. पालेभाजी किंवा पांढऱ्या सॉसमध्ये ती जायफळ किसते. चिमूटभरच, पण खाणारा थबकतो.

बर्गर करतानाची तिची हातोटी तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी. कांदा ती खिम्याच्या वाडग्यावरच किसते. चिराचिरी वाचते, आणि किसताना सुटलेला रस वाया न जाता खिम्यातच मुरतो, त्यामुळे तो कोरडा पडत नाही. मग वाडग्यातल्या गोळ्यावर हाताच्या कडेने रेघा ओढून चार सारखे भाग पाडायचे. प्रत्येक चकती मधे पातळ, कडेला जाड थापायची, कारण तापल्यावर मांस मधे फुगतं. एका साध्या पदार्थात तीन निर्णय, आणि तिन्हींचं कारण ती हात चालू असतानाच सांगते. अखंड बडबड करणारी म्हणून तिला नावं ठेवली गेली. ती बडबड मीही कधीकधी जास्तच होते असं मानतो. पण त्या बोलण्याच्या ओघात जे मिळतं, ते कुणी सुचवल्याशिवाय वर्षानुवर्षं कळत नाही.

तयार स्टॉक आणि पिशवीतला धुतलेला पाला वापरते, हा दुसरा आक्षेप. तो मला मान्य नाही. ज्याच्यासाठी ती रांधते, त्याच्यासमोर पर्याय घरी उकळलेल्या हाडांचा नसतो, बाहेरून मागवलेल्या खोक्याचा असतो. तिसरा आक्षेप खरा आहे: घरी तीस मिनिटांत होत नाही. तिची सुरी आपल्या सुरीपेक्षा वेगाने चालते आणि भाज्या धुणं-पुसणं आधीच उरकलेलं असतं. पहिल्यांदा करणाऱ्याला पाऊण तास सहज लागेल. तरीही क्रम तोच ठेवला तर दुसऱ्या खेपेला वेळ उतरतो, कारण शिकायची गोष्ट क्रम आहे.

२००६ मध्ये या कार्यक्रमाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला, पहिला डाव २०१२ पर्यंत चालला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा आला. नव्याने पाहणाऱ्याने सजवलेल्या ताटासाठी शेवटापर्यंत थांबू नये. तिथे विशेष काही नसतं, ती घाईने वाढते आणि एक घास खाते. पाहायची ती मधली आठ-दहा मिनिटं. तीन शेगड्या पेटलेल्या, एकीवर आधण, एकीवर कांदा परततोय, तिसरीवर भाजी झाकलेली, आणि पुढे कुठे हात घालायचा हे तिला शोधावं लागत नाही. जाहिराती लागतात तेव्हाही हे सगळं शिजत असतं, आणि परत आल्यावर ती बरोबर त्या भांड्याचं झाकण काढते ज्याची वेळ झालेली असते.