‘लाइन’ : एका पाहुण्या शब्दाची परीक्षा

काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका मुलाने ‘पावसाळ्यातील एक रात्र’ या निबंधात लिहिले होते, ‘रात्री लाइन गेली. खूप वेळाने लाइन आली.’ मी तांबड्या शाईने दोन्ही ठिकाणची ‘लाइन’ खोडली आणि वर ‘वीज’ असे लिहिले. वही हाती पडल्यावर मुलगा उभा राहिला व हळूच म्हणाला, “गुरुजी, वीज घरात आली तं मानूस वाचते का?”

वर्ग हसला, मीही हसलो. मग एकदम आठवले, की आदल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत याच्या मोठ्या आईवर बांधीतच वीज पडली होती. सगळ्या गावाला ते ठाऊक होते, मलाही होते. पण शुद्धलेखन तपासताना मला ते सुचले नाही.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मनातून गेला नाही. पुण्या-मुंबईकडे ‘लाइट’ जातात. आमच्या भंडाऱ्याकडे ‘लाइन’ जाते. कोशाच्या दृष्टीने ‘वीज’ दोन्ही अर्थांनी बरोबर आहे. परंतु पावसात उघड्यावर, कमरेत वाकून ज्यांना काम करावे लागते, त्यांच्या तोंडी वीज ही आभाळातली. ती फक्त पडते. तारेतून येते ती लाइन. मरण आणि दिवा या दोहोंना एकच नाव देणे त्यांना नको आहे. ही भाषेची गरिबी नव्हे, हा विवेक आहे.

पण म्हणून ‘लाइन’ला सरसकट अभय द्यावे काय? वाचकहो, तिचा संचार तर पाहा. वरठीला भंडारा रोड स्थानक आहे ते हावडा-मुंबई लाइनवर. तुमसर रोडहून तिरोडीकडे फुटते ती दुसरी लाइन. शिपाई राहतात ती पोलीस लाइन. शेजारच्यांचा मुलगा सायन्स लाइनला गेला. बिघडू लागलेल्या भाच्याला मामाने लाइनवर आणले. रेशनच्या दुकानापुढे लाइन, खांबावर चढतो तो लाइनमन, आणि कॉलेजातली मुले जी मारतात त्या लाइनीविषयी दिवाळीच्या फराळाला बसलेल्या कुटुंबापुढे मी अधिक बोलत नाही. मुलांची माहिती आम्हां शिक्षकांना ऑनलाइन भरावी लागते, आणि ती भरायला बसावे तर नेमकी लाइन गेलेली असते!

माझे इंग्रजी मॅट्रिकपलीकडचे नाही. म्हणून कोश उघडून या शब्दाचे मूळ पाहिले. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या वाखाचा धागा ती ‘लिनेआ’, आणि तिच्यापासून इंग्रजीची ‘लाइन’. म्हणजे ही बाई मुळात दोरी आहे. दोरी ताणली की सरळ रेघ झाली. रेघेवर माणसे उभी राहिली की रांग झाली. रेघेवर रूळ घातले की रेल्वे. आमचा गवंडी भिंत बांधताना ‘लाइनदोरी’ लावतो, तेव्हा नकळत तो ‘दोरीदोरी’च म्हणत असतो. आपल्या ‘सुता’नेही हाच प्रवास केला आहे. कापसाचा धागा ते सूत, सुताराचे माप ते सूत, दोन मने जुळली की सूत जमले, आणि संस्कृतातल्या धाग्याचे तर सूत्रच झाले. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे. शब्द राबला की त्याला अर्थ फुटतात.

दोष निराळा आहे. इंग्रजी जिथे एका ‘लाइन’वर भागवते, तिथे मराठीपाशी शब्दांचे घरच भरलेले आहे. वहीत ओळ, हातावर रेषा, पाटीवर रेघ, मुंग्यांची रांग, नांगराचा तास, निंदणाऱ्या बायांची पात आणि जेवणाऱ्यांची पंगत. यांतला प्रत्येक शब्द आपल्याबरोबर एक काम आणि एक माणूस घेऊन येतो. ‘पात लागली’ म्हटले की बायांचे बोलणे ऐकू येते. ‘लाइन लागली’ म्हटले की ते बंद होते. मात्र लग्नात हाती ताटली घेऊन उभे राहतो त्याला मी पंगत म्हणणार नाही. तिथे कोणी आग्रह करीत नाही, शेजारी कोण हेही कोणी पाहत नाही. ती लाइनच, तिला तेच नाव शोभते.

सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, त्यातून ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजले. ते ऋण मोठे आहे. फार्सीचे जाणकार असलेल्या माधव ज्यूलियनांनीही १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या नावातला दुसरा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. आज काही लेखक परका शब्द दिसताच खोडतात, तर काही जण पानोपानी इंग्रजी पेरून त्यालाच वास्तव म्हणतात. दोघेही बोलणाऱ्याचे ऐकत नाहीत. शब्द कोणत्या देशातून आला हे विचारण्याआधी, तो नसता तर या माणसाचे काय बोलायचे राहिले असते, हे विचारावे. ‘पात’ मारणारी लाइन मला नको. ‘वीज’ या शब्दातले भय वेगळे ठेवणारी लाइन हवी.

माझ्या कादंबरीच्या हस्तलिखितात एक म्हातारा कंदील लावताना म्हणत होता, ‘वीज गेली वाटते.’ ते वाक्य मी बदलले. त्या मुलाच्या वहीतही दुसऱ्याच दिवशी माझी तांबडी खूण खोडून खाली सही केली. त्याने पान नीट पाहिले, वही दप्तरात घातली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

आता दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे उभ्या धानातच जवस फेकतात. धान निघून जाते, आणि पुढे त्याच बांधीत जवसाची निळी फुले येतात. लाइन जिच्या धाग्यातून निघाली, ते हेच झाड. आमच्या घरी मात्र त्याची चटणी होते.