वेदना कमी झाली, पण कोणाची? दोन शोधनिबंध आणि एक गरोदर वहिनी

मागच्या पोस्टमध्ये शोधनिबंधाचा सारांश कसा वाचायचा ते बघितलं होतं. आज सारांशात जे नसतं त्याबद्दल. विषय जरा घरातला आहे.

माझ्या वहिनीला बाविसाव्या वर्षापासून स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह आहे, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस. दारूचा संबंध नाही, पित्ताशयात खडे नाहीत. कारण सापडत नाही असा हा प्रकार भारतात बऱ्यापैकी दिसतो, आणि यातल्या अनेक रुग्णांमध्ये ‘स्पिंक-१’ या जनुकात बदल आढळतो. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी कळ, जेवणाची भीती, घटणारं वजन हे सगळं तिच्या सवयीचं झालं होतं. मग दिवस राहिले. पाचव्या महिन्यात तिने फोन केला, “तू एवढं शिकतेस, तर सांग ना, त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चालू ठेवू का बंद करू?”

मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण संशोधन काय म्हणतंय ते मी बघते.” दोन रात्री बसून वाचलं. हाती जे लागलं, त्याची ही चिकित्सा.

पहिला निबंध. दिल्लीच्या एम्समधली चाचणी, ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या नियतकालिकात २००९ साली आलेली. १२७ रुग्ण, सहा महिने. ७१ जणांना अँटिऑक्सिडंट, ५६ जणांना प्लासिबो. महिन्यातले दुखण्याचे दिवस अँटिऑक्सिडंट गटात सरासरी ७.४ ने कमी झाले, प्लासिबो गटात ३.२ ने. पूर्ण वेदनामुक्त झाले अनुक्रमे ३२ आणि १३ टक्के.

दुसरा निबंध. मँचेस्टरची ‘अँटिसिपेट’ चाचणी, त्याच नियतकालिकात २०१२ साली. ७० रुग्ण, तेही सहा महिने. रक्तातली अँटिऑक्सिडंटची पातळी व्यवस्थित वाढली, पण वेदनेत प्लासिबोपेक्षा काही फरक पडला नाही.

दोन चाचण्या, दोन उलटी उत्तरं. जर्नल क्लबमध्ये आपण लगेच विचारतो की बरोबर कोण? मला वाटतं आधी विचारायला हवं की यात होतं कोण. दिल्लीतल्या रुग्णांचं सरासरी वय तिशीच्या आसपास होतं, आणि १२७ पैकी ९२ जणांच्या आजाराचं कारण अज्ञात होतं. मँचेस्टरमधले रुग्ण पन्नाशीच्या आसपासचे आणि बहुतेकांचा आजार दारूमुळे झालेला. नाव एकच असलं तरी रुग्ण वेगळे. शिवाय एकीकडे मुख्य मोजमाप दुखण्याचे दिवस, तर दुसरीकडे वेदनेचे गुण. त्यामुळे दुसऱ्या निबंधाने पहिल्याला खोटं पाडलं असं म्हणणं घाईचं आहे.

वहिनी वयाने आणि आजाराच्या प्रकाराने दिल्लीच्या गटाला जवळची. मग उत्तर मिळालं का? नाही. तिथे १२७ पैकी ८६ पुरुष होते, म्हणजे बायका ४१. आणि दोन्ही निबंधांत गर्भवतींसाठी वेगळा निष्कर्ष नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, मूत्रपिंडं औषध लवकर बाहेर टाकतात, आतड्याची गती मंदावते. तीच गोळी त्याच शरीरात वेगळी वागू शकते.

दिल्लीच्या निबंधातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी आकडा प्लासिबो गटाचा आहे. औषध न घेता महिन्यातले तीन दिवस कमी झाले, १३ टक्के लोक वेदनामुक्त झाले. हा आजार स्वभावानेच चढउताराचा आहे आणि माणूस चाचणीत येतो तो साधारण दुखणं जास्त असताना, त्यामुळे नंतर थोडं बरं वाटणं ओघानेच येतं. आता गर्भवतींबद्दल जे छापून येतं त्यातला मोठा भाग एकेका रुग्णाच्या वृत्तांताचा असतो: “अमुक दिलं, वेदना थांबली, बाळ सुखरूप.” तुलनेला गट नसताना वेदना कशाने थांबली ते ठरवणार कसं? आणि जिथे काही जमलं नाही, ते वृत्तांत लिहून पाठवायचा उत्साह कोणाला असतो?

मग गर्भवतींवर चाचण्या का नाहीत? औषधचाचण्यांच्या वगळण्याच्या निकषांत “गर्भवती व स्तनदा माता” ही ओळ इतकी ठरलेली असते की आपण ती वाचतसुद्धा नाही. यामागे थॅलिडोमाइडची भीती आहे. ते औषध १९६१ साली बाजारातून मागे घेतलं गेलं. पण गंमत बघा, तो अनर्थ झाला तो गरोदरपणातली सुरक्षितता नीट न तपासताच औषध वापरलं गेल्यामुळे. आणि त्यातून धडा काय घेतला? १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनाच सुरुवातीच्या चाचण्यांबाहेर ठेवण्याची सूचना दिली. ती बदलायला १९९३ उजाडलं. म्हणजे धोका संपला नाही, फक्त चाचणीतून उठून ओपीडीत गेला. तिथे त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र एका वाक्यावर आहे. आढावा लेखांत ते हमखास भेटतं: “फायदा धोक्यापेक्षा जास्त असेल तरच औषध द्यावं.” ऐकायला शहाणपणाचं. पण तराजूच्या धोक्याच्या पारड्यात फक्त औषध ठेवलेलं असतं. न थांबवलेली वेदना कुठे ठेवली? दुखतं म्हणून न जेवणं, न झोपणं, वजन न वाढणं, हेही बाळापर्यंत पोचतंच. आपल्याकडे “गरोदरपणात थोडंफार दुखायचंच, सोसावं” म्हणणारे शेजारी कमी नाहीत. शास्त्रीय भाषेतलं हे वाक्य नकळत त्यांच्याच बाजूला जाऊन बसतं.

मग काहीच माहीत नाही का? तसंही नाही. थेट पुरावा नसताना शेजारच्या पुराव्यावरून काही गोष्टी कळतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत हा बहुधा पहिला पर्याय. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळाव्यात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ट्रॅमाडॉलसारखी औषधं दीर्घकाळ घेतली तर बाळाला जन्मानंतर औषध तुटल्याचा त्रास होऊ शकतो, पण चालू असलेली स्वतःहून एकदम बंद करणंही धोक्याचं. प्रीगॅबलिनने या आजारात वेदना कमी झाल्याची चाचणी २०११ साली आली, तीही ६४ रुग्णांची आणि तीन आठवड्यांची. गर्भावस्थेत त्याने जन्मजात दोषांचा धोका किंचित वाढू शकतो, असं ब्रिटनच्या नियामकाने २०२२ साली सांगितलं. जेवणासोबतची एन्झाइमची कॅप्सूल, मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं, साखरेची तपासणी हे विषय डॉक्टरांशी बोलून चालू ठेवायचे.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. शेवटच्या महिन्यांत वरच्या पोटातलं प्रत्येक दुखणं “नेहमीचंच” नसतं. रक्तदाब वाढून यकृतावर ताण येतो तेव्हाही तिथेच दुखतं. नवं, वेगळं किंवा न थांबणारं दुखणं असेल, सोबत डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वहिनीला मी एवढंच ठामपणे सांगू शकले. आणि एक वही ठेवायला सांगितली: कधी दुखलं, दहापैकी किती, काय खाल्लं, कोणती गोळी. गोळ्यांचं काय करायचं, ते तिच्या पोटविकारतज्ज्ञांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती वही पुढे ठेवून, फोनवर एकमेकांशी बोलून ठरवलं. ते दोघं पहिल्यांदा बोलले तेव्हा तिला सातवा महिना लागला होता.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. वहिनीचं दुखणं अधूनमधून चालूच आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातले कुठलेही पाच शोधनिबंध घ्या. निष्कर्षाआधी पहिला तक्ता आणि वगळण्याचे निकष वाचा. कोण बाहेर राहिलं आणि का, हे एका ओळीत लिहा. कारण सापडलं नाही, तर तसंच लिहा. तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कदाचित त्याच ओळीत असेल.