श्लेष्मा आणि शालीनता

आजारीपणासारखा सार्वत्रिक अनुभव वाङ्मयाच्या मुख्य विषयांत गणला जाऊं नये, ह्याचें व्हर्जिनिया वुल्फ ह्या इंग्रज लेखिकेस मोठें नवल वाटलें आणि १९२६ सालीं तिनें त्यावर एक निबंध लिहिला. दुखणाइतास आपलें दुखणें सांगावयास भाषाच तोकडी पडते, अशीही तिची तक्रार आहे. ह्या गोष्टीस आतां शंभर वर्षें होत आलीं. मध्यंतरीं काळ पालटला. कर्करोगावर तर इतकीं आत्मकथनें निघालीं आहेत कीं, तो एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. रोगाचें निदान, पहिला धक्का, उपचार, केस जाणें, आप्तांचें प्रेम आणि अखेरीस जीवनाविषयींचें नवें तत्त्वज्ञान, असा त्याचा सांचाही ठरून गेला आहे. असें असतां, घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या मनुष्यास रात्रंदिवस ज्या एका वस्तूशीं झगडावें लागतें, ती ह्या वाङ्मयांत जवळजवळ नाहींच. ती वस्तु म्हणजे तोंडांतील व घशांतील चिकट कफ. विषय ऐकून कोणी नाक मुरडील. तें नाक मुरडणें हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगणें अवश्य आहे. निरोगी मनुष्याच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ उत्पन्न होते आणि तिच्यांत शेंकडा नव्याण्णव भाग पाणीच असतें. कानांपुढील ग्रंथींतून येणारी लाळ पातळ असते. जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींची आणि तोंडाच्या अस्तरांतील बारीक ग्रंथींची लाळ कमीअधिक चिकट असते. घशावर किरण द्यावयाचे ते बहुधा पस्तीस बैठकींत, सात आठवडे, एकूण सत्तर ग्रे इतक्या मात्रेचे. त्या माऱ्यांत पातळ लाळेच्या पेशी आधीं बळी पडतात, चिकट भाग मागें उरतो. त्यांतच घशाचें अस्तर सोललें गेल्यामुळें गिळणें असह्य होतें. आणि जें तुम्हीं आम्हीं नकळत दिवसभर गिळीत असतों, तें तोंडांतच सांचून राहतें. म्हणजे कफ ‘वाढतो’ असें आपण म्हणतों तें अर्धेंच खरें. विहिरीचें पाणी आटलें म्हणजे तळचा गाळ दिसूं लागतो, गाळ कोणी नव्यानें आणून टाकलेला नसतो. उपचार संपल्यावर पहिला एकदोन आठवडे हा त्रास उलट वाढतो, आणि मग कित्येक आठवड्यांनीं, क्वचित् महिन्यांनीं, उतरतो. कानांपुढील ग्रंथि वांचवून किरण देण्याची नवी रीत निघाल्यापासून पुष्कळ फरक पडला आहे हें खरें. ब्रिटनमधील जी तुलनात्मक चाचणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली, तींत वर्षअखेर तोंड कोरडें पडण्याचा लक्षणीय त्रास जुन्या रीतीनें शेंकडा ७४ रोग्यांस, तर नव्या रीतीनें ३८ रोग्यांस राहिल्याचें दिसून आलें. पण शेंकडा अडतीस हा आंकडा कांहीं लहान नव्हे.

आतां भाषेकडे वळूं. वुल्फबाईंची तक्रार इंग्रजीपुरती खरी असेल. मराठीस ती लागू करण्यास आम्ही तयार नाहीं. कफ, लाळ, चिकटा, बेडका, खाकरा, खंकारणें, घसा दाटणें, तार सुटणें, इतके शब्द ज्या भाषेंत रोजच्या वापरांत आहेत, तिला दरिद्री कोण म्हणेल? संस्कृत ‘श्लेष्मा’ हा शब्द तर ज्या ‘श्लिष्’ धातूपासून निघाला, त्याच धातूपासून आमच्या काव्यशास्त्रांतला ‘श्लेष’ अलंकारही निघाला आहे. चिकटणें, मिठी मारणें हा त्याचा अर्थ. एकास ग्रंथांत मानाचें पान आणि दुसऱ्यास तस्त! आयुर्वेदानें कफाचे जे पांच प्रकार मानिले, त्यांत जिव्हेच्या ठायीं राहणाऱ्या कफास ‘बोधक’ असें नांव देऊन रसांचें ज्ञान करून देणें हें त्याचें कार्य सांगितलें आहे. लाळ बिघडली कीं जेवणाची चव जाते, हा घशाच्या रोग्यांचा सार्वत्रिक अनुभव ध्यानीं घेतां, हें नांव ठेवणाराची दृष्टि सूक्ष्म होती असें म्हणावें लागतें.

शब्द आहेत, मग अडतें कोठें? आमच्या समजुतीनें अडतें तें रसविचारांत. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव, हें शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. परंतु भवभूतीच्या ‘मालतीमाधवां’तील पांचव्या अंकाचें स्मशान घ्या कीं दुसरें कोणतेंही उदाहरण घ्या, त्यांत किळस येणारा एक असतो आणि किळस आणणारें शरीर दुसऱ्याचें असतें. शास्त्रकारांनीं हा भेद गृहीतच धरिला. ज्याच्या स्वतःच्या तोंडांतून दर दहा मिनिटांनीं तार निघते आहे, आणि ज्यास ती काढल्यावांचून श्वासही सुखानें घेतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत आश्रय कोण आणि आलंबन कोण? तो स्वतःच दोन्ही असतो. त्याची किळस त्याला सोडून जाऊं शकत नाहीं. ह्या स्थितीचा विचार आमच्या रसचर्चेनें केलेला आम्हांस आढळला नाहीं.

जुन्या मराठी ग्रंथकारांस शरीराची लाज नव्हती, हें येथें कबूल केलें पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांतील वार्धक्याचें वर्णन आजही वाचकास अस्वस्थ करितें, आणि समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत आध्यात्मिक तापाच्या नांवाखालीं रोगांची जी यादी दिली आहे, ती वैद्याच्या वहीसही लाजवील. पण हें सर्व वैराग्य उपजविण्यासाठीं. श्रोत्यानें ह्या देहाचा वीट मानावा, एवढाच त्याचा हेतु. ज्याला ह्याच देहांत अजून दहा वर्षें रहावयाचें आहे आणि उद्यां सकाळीं दोन घोट पेज गिळावयाची आहे, त्याला ह्या वर्णनाचा आधार मिळत नाहीं. त्यानंतरचा आमचा अर्वाचीन लेखक तर क्षयी नायिकेच्या शुभ्र रुमालावरील रक्ताच्या एका थेंबापलीकडे गेला नाहीं. रक्त काव्यमय ठरलें, कफ मात्र ग्राम्य!

घशाच्या कर्करोगानें जीं थोर माणसें गेलीं, त्यांच्याविषयींचे ग्रंथ ह्या दृष्टीनें चाळून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेचा सेनापति व माजी अध्यक्ष ग्रँट हा १८८४ च्या शरदांत ह्या रोगानें ग्रासला गेला, कर्जांत बुडालेल्या कुटुंबासाठीं त्यानें आत्मचरित्राचे दोन खंड लिहून पुरे केले आणि २३ जुलै १८८५ रोजीं तो वारला. ग्रंथ उत्तम आहे. त्याच्या गद्याची स्वच्छता अनुकरणीय आहे. परंतु ज्या घशानें त्याला शेवटीं बोलूंही दिलें नाहीं, त्याचा त्यांत ओझरता उल्लेख तेवढा आहे. खरा ग्रँट सांपडतो तो आवाज गेल्यावर डॉक्टर डग्लस यांस पेन्सिलीनें लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांत. खोकला, झोंप, घशास लावावयाचें कोकेन, आणि मरण रक्तस्रावानें येईल, गुदमरून येईल कीं थकव्यानें, ह्याचा हिशेब तो त्यांत युद्धाचा नकाशा वाचावा तशा निर्विकारपणें मांडतो. आपण सर्वनाम नसून क्रियापद आहों असें वाटतें, असेंही त्यानें एका चिठ्ठींत सुचविलें आहे. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास ह्या एका कल्पनेपुढें त्याचे दोन्ही खंड फिके वाटतात.

जर्मन सम्राट् तिसरा फ्रेडरिक ह्याची कथा निराळी. फेब्रुवारी १८८८ मध्यें त्याच्या गळ्यांत नळी बसविली गेली. पुढील महिन्यांत तो गादीवर आला आणि नव्याण्णव दिवस राज्य करून मेला. बोलतां येत नसल्यानें तो कागदावर लिहून आज्ञा देई. त्याचा इंग्रज वैद्य मॅकेंझी ह्यानें त्याच वर्षीं ह्या आजारावर पुस्तक लिहिलें. तें म्हणजे जर्मन शस्त्रवैद्यांशीं चाललेलें भांडण आहे. नळी कोणती असावी आणि ती कोणी बसविली, ह्याची चर्चा भरपूर. त्या नळींतून श्वास घेणाऱ्याचें काय झालें, ह्याविषयीं ग्रंथकारास विशेष जिज्ञासा नाहीं.

श्रीरामकृष्ण परमहंसांचा आजार ह्याच काळांतला. १८८५ पासून घसा दुखूं लागला आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजीं काशीपूरच्या बागेंत त्यांचा देह पडला. महेंद्रनाथ गुप्तांच्या ‘कथामृतां’त ह्या दिवसांच्या नोंदी आहेत, आणि ‘बोलूं नका’ म्हणून बजावणारे डॉक्टर महेंद्रलाल सरकार स्वतःच तासन्‌तास बोलत बसतात, हा त्यांतील विनोद मनोहर आहे. पण आम्हांस येथें दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. रोग सांसर्गिक आहे कीं काय, ह्या भीतीनें शिष्य कचरूं लागले, तेव्हां गुरूंच्या तोंडचा स्राव मिसळलेली उष्टी पेज नरेंद्रानें पिऊन टाकिली, असें चरित्रकार सांगतात. गोष्ट रोमांचकारी खरीच. मात्र तिच्यांत कफ येतो तो शिष्याच्या निष्ठेची कसोटी म्हणून. ज्यांच्या घशांतून तो आला, त्यांना तो वाटी तोंडाशीं धरितांना काय वाटलें असेल, हें त्या कथेस विचारतां येत नाहीं.

अलीकडच्यांपैकीं हिचिन्स ह्याचें ‘मॉर्टॅलिटी’ (२०१२) हें अन्ननलिकेच्या कर्करोगाचें पुस्तक किरणांनंतरच्या गिळण्याच्या यातनेविषयीं धीटपणें बोलतें. जबडा व वाणी गमावलेल्या ईबर्टचें ‘लाइफ इटसेल्फ’ (२०११) गमावलेल्या चवीविषयीं हळुवारपणें. दोघेही मोठे शैलीकार, आणि शैलीच त्यांना ह्या चिकट्यापासून दूर ठेविते असा आम्हांस संशय आहे. उलट टॉमस मान ह्यानें ‘मॅजिक माउंटन’ (१९२४) ह्या कादंबरींत क्षयी रोग्यांच्या खिशांत थुंकण्याची निळी कुपी दिली, आणि रोग्यांकडून तिला ‘निळा हेन्री’ असें लाडकें नांव ठेवविलें. येथें मात्र आम्ही मान लवितों. बीभत्साला हास्यानें जिंकिलें आहे, आणि हंसणारे रोगीच आहेत, प्रेक्षक नव्हेत.

ह्या साऱ्या ग्रंथसंभारापेक्षां इस्पितळांतून मिळणारें सूचनापत्रक आम्हांस अधिक प्रामाणिक वाङ्मय वाटतें, असें म्हटल्यास वाचक रागावतील. पण तें वाचून पहावें. कोमट पाण्याच्या एका लिटरांत चहाचा एक चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून दिवसांतून अनेकदां गुळण्या करा. पाणी घोट घोट घेत रहा. उशाकडची बाजू उंच ठेवा. खोलींतली हवा दमट राखा. मद्यार्क असलेलीं मुखप्रक्षालनें वापरूं नका. फार दाटल्यास शोषणयंत्र वापरा, कफ पातळ करणारें औषध डॉक्टरांस विचारून घ्या. रक्त पडलें, ताप आला किंवा श्वास कोंडला तर लगेच या. एकही विशेषण वांयां गेलेलें नाहीं. अशा पत्रकांत दोष एवढाच कीं, त्यांत मनुष्य नाहीं. ‘दुधानें कफ होतो’ म्हणून सासूबाई दूध बंद करितात. वस्तुतः दुधानें कफाची उत्पत्ति वाढते असें प्रयोगांत ठरलेलें नाहीं. दूध लाळेंत मिसळून घटकाभर दाट लागतें इतकेंच, आणि तें ज्याला सोसतें त्याचें पोषण व्यर्थ तुटतें. कर्करोग थुंकीनें जडत नाहीं, तरी त्याचें ताट निराळें होतें, नातवंडास त्याच्या खोलींत जाऊं देत नाहींत, आणि तो स्वतःही पाहुणे आले कीं भिंतीकडे तोंड करून निजतो. हें लिहावयास पत्रक असमर्थ आहे. कादंबरीकार समर्थ आहे, पण त्याला शालीनता आडवी येते.

रात्रीचें तर विचारूंच नये. आमच्या भाषेंत मरणोन्मुख माणसाच्या घशांतील कफाच्या आवाजास ‘घरघर’ म्हणतात, आणि ‘घरघर लागणें’ हा वाक्प्रचार आतां बंद पडत चाललेल्या गिरण्यांस व नाटकमंडळ्यांसही लावण्याइतका गुळगुळीत झाला आहे. घशाच्या रोग्याजवळ जागणाऱ्या बायकोस तो गुळगुळीत नसतो. दोन वाजतां तिला तो आवाज ऐकूं येतो. ती दिवा लावते, त्याला उठवून बसविते, वाटी पुढें करिते. तो खाकरतो, सोड्याची गुळणी करितो, आणि श्वास मोकळा होतो. घरघर नव्हती, नुसता कफ होता. दोघेंही कांहीं बोलत नाहींत, आणि ती वाटी धुवावयास मोरीकडे जाते.