‘तुमच्या स्वभावाला साजेसं घर’ : या एका वाक्यात किती दावे आहेत?

या वेळी पेपर वाचायचा नाहीये, एक पुस्तक आणि त्यामागची कल्पना तपासायची आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय आणि ‘रिसर्च प्रश्न कसा तपासायचा?’ हे सारखं विचारता. म्हणून घरातलंच उदाहरण घेते. त्यात माझं नुकसानही झालंय, ते शेवटी सांगते.

कॅसॅंड्रा आर्सन ही कॅनडातली घर आवरण्यावर बोलणारी लेखिका. तिचं ‘द क्लटर कनेक्शन’ हे पुस्तक २०१९ मध्ये आलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं : माणसं चार प्रकारची असतात. काहींना वस्तू डोळ्यांसमोर लागतात, काहींना नजरेआड. काहींना बारीक वर्गवारी आवडते, काहींना ‘टाका एका टोपलीत’ पुरतं. या दोन रेघा एकमेकींवर काढल्या की चार खण होतात. फुलपाखरू म्हणजे उघडं आणि ढोबळ, मधमाशी म्हणजे उघडं पण बारीक, लेडीबग म्हणजे झाकलेलं आणि ढोबळ, आणि रातकिडा म्हणजे झाकलेलं आणि बारीक. प्रश्नावली सोडवायची, आपला किडा शोधायचा, त्याप्रमाणे घर लावायचं. म्हणजे पसारा होत नाही.

आधी चांगलं बोलते, कारण ते खरंच आहे. ‘तू आळशी नाहीस, तुला दिलेली पद्धत तुझी नाही’ हे कुणीतरी म्हणणं मोठा दिलासा असतो. आपल्याकडे घर आवरण्याचा सगळा दोष घरातल्या बाईच्या खात्यावर जातो. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये सॅक्सबी आणि रेपेट्टी यांनी ६० नोकरदार पती-पत्नींना स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगितलं (हा पेपर २०१० चा). ज्या बायका घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत करत होत्या, त्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध दिसला नाही. हा परस्परसंबंध आहे, कारण नव्हे, हे लक्षात ठेवा. पण विषय क्षुल्लक नाही एवढं त्यावरून कळतं.

‘डोळ्यांसमोर हवं’ ही गोष्टही हवेतून आलेली नाही. थॉमस मॅलोन यांनी १९८३ मध्ये ऑफिसातली टेबलं पाहिली. काही लोक फायली लावतात, काही नुसते ढीग करतात. ढीग करणाऱ्यांच्या बाबतीत त्यांना एक फार छान गोष्ट दिसली : ढीग हा निव्वळ पसारा नसतो, तो आठवण करून देतो. समोर पडलेला कागद म्हणत असतो, ‘माझं काम राहिलंय.’ पुढे २००१ मध्ये व्हिटेकर आणि हर्शबर्ग यांनी ऑफिस हलवायच्या वेळी लोकांचे कागद तपासले, तर फायली लावणाऱ्यांकडे कागद जास्त साठलेले होते आणि ते उघडले कमी जात होते. म्हणजे नीटनेटकं दिसणं आणि उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. माझ्या टेबलाकडे पाहून बोलणाऱ्यांना मी हा पेपर पाठवते.

आता माझी तक्रार. ‘स्वभावाला साजेशी पद्धत वापरली की घर आवरलेलं राहतं’ हे वाक्य एक दिसतं, पण त्यात तीन दावे एकावर एक उतरंडीसारखे रचलेत. माणसांचे असे प्रकार असतात, हा पहिला. प्रश्नावली तो प्रकार बरोबर ओळखते, हा दुसरा. आणि जुळणारी पद्धत न जुळणाऱ्या पद्धतीपेक्षा जास्त चालते, हा तिसरा. विकला जातो तिसरा. पुरावा, असला तर, पहिल्याचा.

पहिल्यासाठी गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास बघा. अनोळखी माणसांना लोकांची ऑफिसं आणि झोपायच्या खोल्या दाखवल्या आणि राहणाऱ्याचा स्वभाव ओळखायला सांगितलं. ९४ ऑफिसं, ८३ खोल्या. काही गुणांबाबत अंदाज बऱ्यापैकी जुळले. म्हणजे स्वभाव खोलीत उतरतो, ठीक. पण यावरून एवढंच कळतं की लोक कसं ठेवतात. कसं ठेवावं, हे त्यातून निघत नाही. आणि गुण कमीजास्त प्रमाणात असतात, त्यांना मधोमध कापून खण केले की काय होतं हे नेट देणाऱ्यांना मी समजावायला नको. कट-ऑफच्या एका मार्काने वर आणि एका मार्काने खाली असलेली दोन मुलं अभ्यासात सारखीच असतात, पण एकाच्या नावापुढे जेआरएफ लागतं.

दुसऱ्या दाव्यात तर गंमत आहे. प्रश्नावली विचारते, ‘वस्तू समोर दिसलेल्या आवडतात का?’ तुम्ही हो म्हणता. मग ती सांगते, ‘अभिनंदन, तुम्ही समोर दिसणाऱ्या वस्तू आवडणाऱ्या प्रकारातले आहात!’ तुमचंच उत्तर किड्याचं नाव लावून परत मिळालं. आपल्याला वाटतं, किती बरोबर ओळखलं! बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ मुलांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने सगळ्यांना एकच वर्णन, ‘हे तुझं’ म्हणून वाटलं. वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. मुलांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. ‘मला पटलं’ हा पुरावा नसतो, हे ज्याला एकदा समजलं त्याची निम्मी मेथडॉलॉजी झाली.

तिसरा दावा मात्र तपासता येतो, आणि इथे तुम्ही वही काढा. समजा होस्टेलवरची मुलं घेतली. निम्मी ‘उघडं आवडणारी’, निम्मी ‘झाकलेलं आवडणारी’. आता दोन्ही गटांतल्या अर्ध्या मुलांना चिठ्ठ्या टाकून उघड्या फळ्या द्या, अर्ध्यांना झाकणाचे डबे. म्हणजे काहींना जुळणारी पद्धत मिळेल, काहींना मुद्दाम उलटी. तीन महिन्यांनी, कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसाने जाऊन मोजायचं : सांगितलेल्या दहा वस्तू शोधायला किती वेळ लागला? ‘साजेसं’ हा दावा खरा असेल, तर आलेखावर दोन रेघा एकमेकींना छेदायला हव्यात. उघडं आवडणारे उघड्यात पुढे, झाकलेलं आवडणारे डब्यांत पुढे. पण सगळेच उघड्या फळीवर पटापट शोधत असतील, तर स्वभावाचा त्यात वाटा नाही. उघडी फळी सगळ्यांनाच सोयीची, विषय संपला.

शिक्षणात हे होऊन गेलंय. ‘कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, तसं शिकवा’ हे तुम्हाला बीएडवाल्या मैत्रिणीने सांगितलंच असेल. पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये ही अट लावून जुने अभ्यास चाळले. या रचनेचे अभ्यासच थोडे निघाले, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या उलट होते. मुलांना आवडीनिवडी नसतात असं त्यांनी म्हटलं नाही. आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, हे दिसत नाही, एवढंच. घराच्या पुस्तकातही आवड आणि फायदा यांची अशीच गल्लत आहे, आणि ‘द क्लटर कनेक्शन’मध्ये ही अट पूर्ण करणारी चाचणी नाही. आर्सनचा आधार म्हणजे तिचा अनुभव आणि वाचकांची पत्रं. पद्धत जमली नाही ते लोक पत्र लिहीत नाहीत, हेही मोजा.

इथवर पुस्तकातली टीका झाली. खरी अडचण मला रोह्याला, आमच्या घरात कळली.

वहिनीने मे महिन्यात ही प्रश्नावली मोबाईलवर उघडली आणि आईला विचारायला बसली. ‘आई, वस्तू दिसत राहिलेल्या तुम्हाला बऱ्या वाटतात का?’ आई निवडत होती सोडे. म्हणाली, ‘कुठल्या वस्तू? चाव्या का चादरी?’ पुढचा प्रश्न, तेच उत्तर : ‘अगं पण कसलं सामान?’ चौथ्या प्रश्नाला वहिनीने कंटाळून स्वतःच टिक केलं आणि आई रातकिडा निघाली. त्यावर घरात दोन दिवस हसणं चाललं.

पण आईचा प्रश्न बरोबर होता. प्रश्नावली धरून चालते की ठेवण्याची पद्धत माणसातून येते. आमच्याकडे ती आगोटीतून येते. पावसाच्या आधी सुकट, बोंबील, मसाला, पापड, डाळी भरायच्या, तर त्या घट्ट झाकणात. तिथे आईचा स्वभाव कोण विचारतो? हवा लागली की मसाल्याला गाठी आणि सुकटीला बुरशी. तीच आई चाव्या, पास आणि गोळ्यांची पाकिटं दाराजवळच्या खुंटीवर आणि कोनाड्यात उघडी ठेवते, कारण ती विसरली तर पंचाईत. शिवणाचं सामान बिस्किटाच्या डब्यात, ते तुमच्याकडेही असेल. एकाच बाईचे एका घरात तीन किडे.

पेणला हेच वेगळ्या तऱ्हेने दिसतं. भोगावतीच्या खाडीतले नमुने घ्यायचे म्हणून मी तिथे खोली घेऊन राहते, आणि आठवड्याला मेमूने रोह्याला जाते, कुंडलिकेच्या नमुन्यांसाठी आणि आईच्या जेवणासाठी. खोलीच्या मागे गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये, हमरापूर-जोह्याकडे असे कारखाने कितीतरी. आत पाऊल ठेवायला जागा नसते, सगळं उघड्यावर. शाडूची मूर्ती हवेवर वाळायला लागते, आणि कुठली रंगाला गेली, कुठल्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी राहिली हे एका नजरेत कळायला लागतं. कारखान्याचे मालक, म्हणजे माझे घरमालक काका, स्वतःच्या घरात मात्र एक चमचा ओट्यावर राहू देत नाहीत. त्यांची प्रश्नावली कुठल्या दारात उभं राहून भरायची? आपल्या भाषेत, हा एकाच व्यक्तीच्या आतला फरक आहे, आणि तो मोठा असेल तर ‘प्रकार’ हे एककच चुकतं.

शिवाय घर एकट्याचं नसतं. आमच्या रोह्याच्या घरात पाच माणसं आणि दोन खोल्या. आवरते कोण, तर आई आणि वहिनी. पुस्तक म्हणतं, घरात वेगवेगळे प्रकार असतील तर उघडी, ढोबळ सोय सगळ्यांना चालवून घ्यायला सोपी जाते. सल्ला वाईट नाही. पण वर्गीकरण होतं स्वभावाचं, आणि कोण उचलतं हा प्रश्न बाजूला राहतो. दादाला वहिनीने विचारलं, तर तो फुलपाखरू निघाला. तेव्हापासून टॉवेल पलंगावर पडला की तो म्हणतो, ‘मी फुलपाखरू आहे ना!’ वहिनीने एकदा तो टॉवेल तसाच चार दिवस पडू दिला. मग उचलला, पण दादाने नाही. आईने.

तर माझं नुकसान. मीही प्रश्नावली भरली होती, आणि मीही फुलपाखरू. मला ते इतकं पटलं (फोररची मुलं आठवा) की पेणच्या खोलीतलं पत्र्याचं कपाट सोडून फील्डच्या वह्या खिडकीजवळ उघड्या टोपलीत ठेवल्या. दिसत राहतील म्हणून. जूनभर मजेत गेलं, वही हाताशी. जुलैत चार दिवस मी रोह्यात अडकले, खिडकी नीट लागली नव्हती. परत आले तर वरची वही फुगलेली. क्षारतेचे आणि तापमानाचे आकडे पेनाने लिहिलेले. पेन्सिल वापर असं गाईडनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे दोष पुस्तकाला देत नाही. आणि एका वहीवरून सिद्धांत मोडतही नाही. एवढं सगळं लिहून मीच तसं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण टोपली निवडताना मी स्वतःला विचारलं होतं ‘मी कशी आहे?’ एकदाही विचारलं नव्हतं ‘ही वही कशाची आहे आणि बाहेर ऋतू कुठला आहे?’

शाई उतरलेली अकरा पानं होती. त्यातली सात पानं मोबाईलवर फोटो काढून, कॉन्ट्रास्ट वाढवून वाचता आली. चार नाही. त्या भरतीच्या वेळा परत मिळणार नाहीत, म्हणून प्रबंधाच्या तक्त्यात तिथे आडव्या रेघा आहेत आणि खाली ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लिहिलंय. व्हायवाला कुणी विचारलंच तर खरं कारण सांगणार आहे. गाईडना अजून सांगितलेलं नाही.