भूगोलाच्या तासाला एक प्रश्न कमी पडतो : ‘कशावरून?’

तुमच्या घरात कुणी सहावी ते आठवीत असेल, तर त्याची भूविज्ञानाशी पहिली गाठ भूगोलाच्या तासाला पडते. या नावाचा वेगळा विषय आपल्या शाळेत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला खडकांचे प्रकार येतात, सातवीला ऋतू, भरती-ओहोटी, मृदा आणि आठवीला पृथ्वीचं अंतरंग. मी दख्खनच्या बसाल्टवर पीएचडी करतेय. म्हणजे हे धडे माझ्या विषयाचा उंबरठाच, म्हणून जरा बारकाईने वाचते.

आधी चांगलं सांगते. ही पुस्तकं कोरडी नाहीत. ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी मुलांना विचार करायलाच लावतात. पण तासाला नेमक्या याच चौकटी घाईत उरकल्या जातात, कारण परीक्षेत येतात त्या रिकाम्या जागा, जोड्या आणि आकृतीला नावं. मग वहीत उरतं काय? भूकवच, प्रावरण, गाभा. अग्निज, स्तरित, रूपांतरित. उत्तरं सगळी बरोबर, पण ती कळली कशी, हे कुणी विचारतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

अंतरंगाचंच घ्या. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 6,371 किमी. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, 12,262 मीटर. म्हणजे भूखंडाच्या कवचाचा जेमतेम तिसरा हिस्सा! मग 2,900 किमी खाली गाभा आहे, त्याचा बाहेरचा भाग द्रव आहे, हे कशावरून? भूकंपलहरींवरून. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. मोठा भूकंप झाला की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या पोचतच नाहीत, वाटेत अडतात. डॉक्टर पोटाला हात लावून आतलं ओळखतात ना, तसलाच प्रकार. 1936 मध्ये इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी अशाच लहरींच्या नोंदी तपासून सांगितलं, की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. ही गोष्ट आठवीच्या मुलाला सहज कळते, आणि एकदा कळली की आकृती पाठ करावी लागत नाही.

‘कशावरून’ गाळलं की गैरसमजही घट्ट बसतात. उकडलेल्या अंड्याची उपमा सोयीची आहे, पण ज्वालामुखीचं चित्र शेजारी आलं की मुलांना वाटतं, कवचाखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्रच आहे. खरं म्हणजे प्रावरण बहुतांशी घन आहे. दुय्यम लहरी त्यातून आरपार जातात, यावरूनच ते ठरतं.

आता खडक. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टवर उभा आहे, वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. तरी मुलं ‘अग्निज खडकाचे उदाहरण : बसाल्ट’ असं लिहितात आणि शाळेच्या काळ्या दगडी पायरीवरून उतरून घरी जातात. त्या पायरीत बारीक भोकं दिसली, तर ती बहुधा लाव्हातून निघालेल्या वायूच्या बुडबुड्यांची असतात. घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो. अनेकदा तो म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा थर झिजून बनलेली माती, पुढच्या लाव्हाने झाकलेली. आणि हा बसाल्ट किती खोल? भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत बसाल्ट लागला, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. ‘कशावरून?’चं इतकं रोखठोक उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे!

हा केवळ गुणांचा मामला नाही. 1967 ला कोयना, 1993 ला किल्लारी हादरली. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. डोंगरउतारावरच्या गावातल्या मुलाला ‘भूस्खलन’ची व्याख्या येणं वेगळं, आणि पावसात उतारावर पडलेली नवी भेग किंवा अचानक गढूळ झालेला झरा पाहून ‘हे असं का झालं?’ म्हणणं वेगळं. ही दुसरी सवय व्याख्या घोकून लागत नाही.

दोष सगळा शिक्षकांच्या माथी मारू नका. बऱ्याच जणांना पदवीला भूविज्ञान नव्हतंच, आणि अभ्यासक्रम संपवायची घाई तर सगळ्यांनाच. पण घरी दहा मिनिटं तुम्ही देऊ शकता. मुलाच्या वहीतलं कुठलंही एक वाक्य घ्या आणि दोघं मिळून विचारा, हे कशावरून? उत्तर सापडलं नाही तर प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि वर्गात विचारायला लावा. कमेंटमध्ये इथेही टाका. जे माझ्या विषयातले असतील, त्यांच्यावर पुढच्या लेखात लिहीन.